फिल्टरची सक्ती आणि सोळा वर्षांचं मूल

सार्वजनिक ग्रंथालयातल्या प्रत्येक संगणकावर फिल्टर बसवा आणि मुलांना अश्लील चित्रांपासून वाचवा, ही मागणी इतकी सरळ वाटते की तिला विरोध करायला कुणी धजत नाही. विरोध केला की माणूस मुलांच्या मुळावर उठलेला ठरतो. अमेरिकेत डिसेंबर २००० मध्ये असंच झालं. सिनेटर जॉन मॅकेन आणि प्रतिनिधिगृहातले अर्नेस्ट इस्टूक यांनी लावून धरलेला 'चिल्ड्रन्स इंटरनेट प्रोटेक्शन ॲक्ट', ज्याला तिथले ग्रंथपाल थोडक्यात 'सीपा' म्हणतात, सरकारी खर्चाच्या एका भल्यामोठ्या विधेयकात घालून मंजूर करण्यात आला आणि २१ डिसेंबरला बिल क्लिंटन यांनी त्यावर सही केली. त्याला आता पाव शतक होऊन गेलं. एखाद्या उपायाची पारख करायला एवढा काळ पुरेसा आहे. ती केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: मुलांचं रक्षण व्हायलाच हवं, पण कायद्यानं सरसकट लादलेला फिल्टर ते करत नाही. उलट ज्या मुलाला ग्रंथालयाची सगळ्यात जास्त गरज आहे, नेमकी त्याचीच वाट तो अडवतो.

कायद्याची रचना आधी पाहू, कारण निम्मी गडबड तिथेच आहे. हा कायदा थेट हुकूम सोडत नाही, पैशाच्या वाटेनं येतो. १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून शाळा आणि ग्रंथालयांना इंटरनेटच्या खर्चात सवलत देणारी 'ई-रेट' योजना सुरू झाली. वस्ती जितकी गरीब तितकी सवलत जास्त, २० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत. इंटरनेटसाठी ही सवलत किंवा ग्रंथालयांना मिळणारं दुसरं एक केंद्रीय अनुदान हवं असेल, तर फिल्टर बसवल्याचं लिहून द्यायचं, अशी अट सीपानं घातली. ज्यांना हे पटत नाही त्यांनी पैसे घेऊ नयेत, सक्ती कुठे आहे, असं या कायद्याचे समर्थक म्हणतात. सधन उपनगरातल्या ग्रंथालयाला हे जमेलही. पण ज्याचं इंटरनेट ९० टक्के सवलतीवर चालतं, त्या ग्रंथालयानं 'नको' म्हणायचं कशाच्या जोरावर? म्हणजे सक्ती आहेच, आणि ती गरीब वस्तीवर जास्त आहे.

अट वाचताना आटोपशीर वाटते. तीन प्रकारची चित्रं अडवायची: कायद्यानं अश्लील ठरणारी, बालकांच्या लैंगिक शोषणाची, आणि १७ वर्षांखालच्या मुलांना अपायकारक ठरणारी. फक्त चित्रं. मजकूर अडवण्याची अट कायद्यात नाही. पण फिल्टर मात्र संस्थेतल्या सगळ्या संगणकांवर हवा, बालविभागातल्या, प्रौढांच्या, अगदी ग्रंथपालाच्या टेबलावरच्यासुद्धा. आणि तो किती अचूक असावा? याची कसोटीच नाही. 'अल्पवयीनांसाठी अयोग्य' काय हे स्थानिक पातळीवर ठरवायचं, केंद्र सरकारनं त्यात डोकं घालायचं नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. नियम करणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननंही २००१ मध्ये फिल्टर कितपत चालला पाहिजे याचं कुठलंच मोजमाप घालून दिलं नाही. औषधाला, पाळण्याला, गाडीतल्या मुलांच्या आसनाला प्रमाणपत्र लागतं. मुलांच्या संरक्षणासाठी म्हणून सक्तीनं बसवलेल्या या साधनाला मात्र लागत नाही.

आता दुसरी बाजू. ती हलकी नाही, आणि तिला हलकं लेखणारे फिल्टरविरोधक मला पटत नाहीत. कॅलिफोर्नियात लिव्हरमोर इथल्या ग्रंथालयात १२ वर्षांच्या एका मुलानं अश्लील चित्रं फ्लॉपीवर उतरवून घेतली आणि नातेवाइकांच्या घरी जाऊन ती छापली. आईनं शहरावर दावा लावला. २००१ मध्ये अपील न्यायालयानं ग्रंथालय जबाबदार नाही असं म्हटलं, पण त्या आईचा संताप काही त्यामुळे चुकीचा ठरत नाही. मिनिॲपोलिसमध्ये तर ग्रंथपालच उभे राहिले. पडद्यावर दिवसभर नग्न चित्रं उघडून बसणारी माणसं, प्रिंटरमध्ये पडून राहिलेले कागद, आणि 'आम्ही काही करू शकत नाही' म्हणणारं प्रशासन, याला कंटाळून १२ जणांनी २००० मध्ये रोजगारातील समान संधी आयोगाकडे तक्रार केली. कामाची जागा त्रासदायक झाली आहे हे आयोगानं प्रथमदर्शनी मान्य केलं आणि २००३ मध्ये ४,३५,००० डॉलर देऊन तडजोड झाली. ही माणसं पुस्तकं जाळणारी नव्हती, आयुष्य ग्रंथालयात घालवलेली होती. ज्या जागेत लहान मुलं येतात, तिथे मोठ्यांनी काय उघडं ठेवावं याला मर्यादा हवी, हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

पण मिनिॲपोलिसचा प्रश्न वागणुकीचा होता. भर वाचनकक्षात एखादा माणूस तसले फोटो पसरून बसला, तर त्याला उठवायला सॉफ्टवेअर लागत नाही. नियम लागतो, आणि तो नियम पाळायला लावणाऱ्या कर्मचाऱ्यामागे ठाम उभं राहणारं व्यवस्थापन लागतं. तिथे नेमकं तेच नव्हतं.

फिल्टर काम कसा करतो हे जवळून पाहिलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. इंटरनेटवर अब्जावधी पानं आहेत आणि रोज नवी येतात. फिल्टर विकणारी कंपनी त्यातल्या संकेतस्थळांना वर्ग देते: 'प्रौढ', 'नग्नता', 'जुगार', 'शस्त्रं', 'पंथ', असे कित्येक. काही वर्गीकरण माणसं करतात, ओझरती नजर टाकून. बरंचसं यंत्र करतं, शब्दांवरून, दुव्यांवरून, शेजारच्या पानांवरून. एकदा लागलेला शिक्का पुन्हा तपासायला कुणाला फारसा वेळ नसतो. एकाच सर्व्हरवर शंभर संकेतस्थळं असली आणि त्यातलं एक वाईट निघालं, की उरलेली नव्व्याण्णव कधी कधी त्याच्याबरोबर जातात. आणि ही यादी व्यापारी गुपित. ग्रंथालयाला फक्त वर्ग निवडायचे असतात. त्या वर्गात काय काय कोंबलं आहे हे त्याला पैसे मोजूनही कळत नाही.

२००२ मध्ये फिलाडेल्फियात तीन न्यायाधीशांसमोर या कायद्याची सुनावणी झाली तेव्हा बाजारातले चार नामांकित फिल्टर तपासले गेले. होंडुरासमधलं एक ख्रिस्ती अनाथालय 'प्रौढ, लैंगिक' या वर्गात अडकलेलं सापडलं. नेवाडातल्या फॅलन गावच्या चर्चशी जोडलेल्या कॅथलिक पुरुषांच्या मंडळाचं पानही तसंच. तेन्झिन पाल्मो या बौद्ध भिक्षुणी स्त्रियांसाठी मठ उभारत होत्या, त्याची माहिती देणारं त्यांचं संकेतस्थळ 'नग्नता' म्हणून बंद. भाषांतर करून देणारी संकेतस्थळं तर मुद्दामच अडवली जायची, कारण अडवलेलं पान भाषांतराच्या वाटेनं उघडता येतं. ग्रंथालयात येणारा स्थलांतरित, ज्याला इंग्रजी अर्ज समजून घ्यायचा आहे, त्याची हीच पहिली गरज! अशी हजारो निर्दोष पानं अडतात आणि तरी हजारो अश्लील पानं सुटतात, असा निष्कर्ष काढून त्या तिन्ही न्यायाधीशांनी एकमतानं ग्रंथालयांपुरता कायदा घटनाबाह्य ठरवला.

यावर कुणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली, तंत्रज्ञान आता सुधारलं. काही बाबतींत सुधारलंच आहे. पण एक नवी अडचण तयार झाली आहे. आज बहुतेक संकेतस्थळं एचटीटीपीएसवर, म्हणजे सांकेतिक करून पाठवली जातात. मधल्या फिल्टरला संकेतस्थळाचं नाव दिसतं, आत उघडलेलं पान दिसत नाही. मग त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर अख्खं संकेतस्थळ बंद करायचं, नाहीतर ग्रंथालयानं मध्ये बसून वाचकाचा सांकेतिक मजकूर फोडायचा, वाचायचा आणि पुन्हा बांधून पुढे पाठवायचा. दुसऱ्या वाटेत वाचकाचा ईमेल, बँक, डॉक्टरचा निरोप सगळंच त्या पेटीतून जातं. कोण काय वाचतं हे गुप्त ठेवणं हा ज्या व्यवसायाचा धर्म आहे, त्याला आपण हे करायला सांगतो आहोत.

माझ्या दृष्टीनं या वादातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा मात्र न्यायालयातला नाही. आरोग्यविषयक धोरणांवर संशोधन करणाऱ्या कैसर फॅमिली फाउंडेशननं डिसेंबर २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळा आणि ग्रंथालयांत वापरले जाणारे फिल्टर घेतले, त्यांची पातळी सैल, मध्यम आणि कडक अशी बदलत नेली आणि दर वेळी दोन गोष्टी मोजल्या: अश्लील संकेतस्थळं किती अडतात आणि आरोग्याची किती अडतात. सैल पातळीवर ८७ टक्के अश्लील संकेतस्थळं अडली आणि आरोग्याची १.४ टक्के. कडक पातळीवर अश्लील अडली ९१ टक्के, आणि आरोग्याची २४ टक्के.

हे आकडे नीट बघा. फिल्टर शेवटपर्यंत आवळला तर अश्लीलता रोखण्यात भर पडते चार टक्क्यांची, आणि आरोग्याच्या माहितीतला जवळजवळ चौथा हिस्सा हातचा जातो. म्हणजे 'थोडं जास्त कडक ठेवू, मुलांच्या बाबतीत धोका नको' या अगदी स्वाभाविक वाटणाऱ्या निर्णयाची किंमत ही आहे. आणि १.४ टक्के ही सरासरी आहे. निरोध, सुरक्षित लैंगिक संबंध, समलैंगिकांचं आरोग्य अशा विषयांवरची दहा टक्क्यांच्या आसपास संकेतस्थळं सैल पातळीवरसुद्धा अडत होती. चूक सगळीकडे सारखी पसरलेली नाही. ज्या विषयावर मूल घरी तोंड उघडू शकत नाही, तिथेच ती साचलेली आहे.

मुलांचं रक्षण म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर साधारण आठ वर्षांचं मूल असतं. खेळ शोधता शोधता भलतंच काही समोर आलं आणि ते घाबरलं, असं काहीतरी. त्या मुलाचं रक्षण तुलनेनं सोपं आहे. बालविभागात निवडक संकेतस्थळांची यादी द्या, फिल्टर लावा, पडदे ग्रंथपालाला दिसतील असे ठेवा. त्याला कुणाचा आक्षेप नाही, माझा तर नाहीच. पण कायद्याच्या लेखी मूल म्हणजे १७ वर्षांखालचं कुणीही. सोळा वर्षांची मुलगीही मूलच.

समजा, ती मुलगी ग्रंथालयात आली आहे. घरी संगणक नाही, फोन आहे तो आईबरोबर वाटून घेतलेला, आणि त्यावर काय शोधलं हे आईला दिसतं. तिच्या शरीरात काहीतरी बिघडलं आहे अशी तिला भीती आहे, किंवा घरातलाच कुणीतरी तिच्याशी जे वागतो आहे त्याला नाव काय, हे तिला शोधायचं आहे. ती शब्द टाइप करते. पडद्यावर येतं: हे पान अडवण्यात आलं आहे, वर्ग 'लैंगिक', अधिक माहितीसाठी कर्मचाऱ्यांना विचारा. खोक्याचा रंग लाल असतो, मागच्या रांगेतून दिसेल असा. ती खिडकी बंद करते, दोन मिनिटं उगाच दुसरं काहीतरी उघडते आणि उठून जाते. या प्रसंगाची नोंद कुठल्याच आकडेवारीत होत नाही. उलट, फिल्टरच्या मासिक अहवालात ती 'अडवलेल्या प्रयत्नां'मध्ये मोजली जाते, म्हणजे फिल्टरच्या यशात.

कायद्याचे समर्थक यावर म्हणतात, चुकून अडलं तर विचारायचं, ग्रंथपाल उघडून देतो. २३ जून २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं खालचा निकाल फिरवला तो याच भरवशावर. सहा विरुद्ध तीन. मुख्य न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांच्यासह चौघांचं एक मत होतं. केनेडी आणि ब्रेयर यांनी आपापली वेगळी मतं लिहून त्यांना साथ दिली. केनेडींचं म्हणणं थोडक्यात असं की प्रौढ वाचकानं विनंती केल्यावर ग्रंथपाल फारसा वेळ न घालवता फिल्टर काढून देत असेल, तर या खटल्यात फार काही उरत नाही. सरकारी वकिलांनीही न्यायालयाला सांगितलं होतं की वाचकाला कारण द्यावं लागणार नाही. विचारायला लाज वाटते याचं काय? रेनक्विस्ट यांचं उत्तर होतं की संकोचाशिवाय माहिती मिळण्याची हमी राज्यघटना देत नाही.

घटना देत नसेल. पण आपण इथे मुलांच्या रक्षणाबद्दल बोलत होतो ना? प्रौढाला संकोच झाला तर त्यानं तो गिळावा, हे एक वेळ समजू शकतं. सोळा वर्षांच्या मुलीनं गावातल्या, कदाचित आईच्या ओळखीच्या, ग्रंथपालासमोर जाऊन 'मला हे पान बघायचं आहे' म्हणावं अशी अपेक्षा धरणारा माणूस सोळा वर्षांच्या मुलांना ओळखत नाही.

त्याहून वाईट बाब कायद्याच्या मजकुरातच आहे आणि तिची चर्चा क्वचित होते. केंद्रीय अनुदानाच्या कलमात फिल्टर बंद करून देण्याची मुभा कुणाही वाचकासाठी आहे. ई-रेटच्या कलमात मात्र ती फक्त प्रौढांसाठी आहे. ग्रंथालय ई-रेटची सवलत घेत असेल तर त्या मुलीनं धीर करून विचारलं तरी ग्रंथपाल तिच्यासाठी फिल्टर बंद करू शकत नाही. चुकून अडलेलं एखादं पान मोकळं करायला कायद्याची आडकाठी नाही, कारण असं पान मुळात कायद्याच्या कक्षेत येतच नाही. पण ते चुकून अडलं आहे हे ठरवायचं कुणी, किती दिवसांत, आणि पुढचं पान पुन्हा अडलं तर? सर्वोच्च न्यायालयानं ज्या सुटकेच्या दारावर सगळा निकाल तोलून धरला, ते दार ई-रेटच्या ग्रंथालयात मुलांसाठी नाहीच.

रेनक्विस्ट यांचा मूळ युक्तिवाद पुस्तकनिवडीचा होता. ग्रंथालय अश्लील मासिकं विकत घेत नाही, मग अश्लील संकेतस्थळं का दाखवावीत? युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. पण पुस्तक निवडताना ग्रंथपाल परीक्षणं वाचतो, जागा आणि पैसा बघतो, वाचकांची मागणी बघतो आणि मग ठरवतो. चूक झाली तर जबाबदार कोण हे गावाला माहीत असतं. फिल्टरमध्ये ही निवड परक्या कंपनीकडे जाते आणि ग्रंथपालाला स्वतःला काय नाकारलं गेलं तेसुद्धा ठाऊक नसतं. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती सूटर यांनी म्हटलं की हे पुस्तक विकत न घेण्यासारखं नसून विकत घेतलेल्या ज्ञानकोशातली पानं कापून काढण्यासारखं आहे. मला ते अचूक वाटतं. इंटरनेट जोडणीचे पैसे भरून झालेले असतात, पान आणायला एक दमडी जास्त लागत नाही. वरचा खर्च होतो तो अडवण्यावर.

आणि अडवण्याचं यंत्र एकदा दारात आलं की ते कायद्यानं सांगितलेल्या तीन प्रकारांवर थांबत नाही. मिझुरी राज्यातल्या सेलम गावच्या ग्रंथालयात विक्का हा आधुनिक निसर्गपूजक पंथ आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या श्रद्धांविषयीची पानं 'गूढविद्या', 'गुन्हेगारी' अशा वर्गांखाली बंद होती. तिथल्या एका रहिवासी बाईनं न्यायालयात धाव घेतली आणि २०१३ मध्ये तडजोडीनं ती मोकळी झाली. त्याच राज्यातल्या कॅमडेंटनच्या शाळांमध्ये फिल्टर समलैंगिक मुलांना आधार देणारी संकेतस्थळं 'लैंगिक' म्हणून अडवायचा, आणि समलैंगिकतेला पाप ठरवणारी मात्र सुटायची, कारण ती 'धर्म' वर्गात. २०१२ मध्ये संघराज्याच्या न्यायालयानं हे थांबवलं. वॉशिंग्टन राज्यातल्या एका ग्रामीण ग्रंथालय-जाळ्यानं तर प्रौढांनी मागूनही फिल्टर बंद करायला नकार दिला. तिथे स्त्रिया आणि बंदुका या विषयावरच्या नियतकालिकाचं संकेतस्थळ अडल्याची तक्रार बंदूकहक्कवाल्यांची होती. २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी ग्रंथालयाची बाजू उचलून धरली. डावे, उजवे, धार्मिक, निधर्मी, कुणीही यातून सुटलेलं नाही. २०१४ मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशननं दहा वर्षांचा आढावा घेतला तेव्हाही हेच दिसलं की कायदा जेवढं मागतो त्याच्या कितीतरी पुढे जाऊन संस्था अडवत बसतात. त्याचं कारण समजण्यासारखं आहे. एक अश्लील चित्र सुटलं तर वर्तमानपत्रात बातमी येते, प्रशासकाची खुर्ची हलते. शंभर चांगली पानं अडली तर कुणाला पत्ताही लागत नाही. अशा हिशेबात बटण नेहमी कडक बाजूलाच सरकतं.

बरं, इतकं सगळं सोसून मुलं अश्लील चित्रांपासून दूर राहतात का? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये घरातल्या फिल्टरांबद्दल हा प्रश्न विचारला. त्यांच्या हिशेबानं एका किशोरवयीन मुलाला लैंगिक सामग्रीपासून वाचवायला १७ ते ७७ घरांत फिल्टर बसवावे लागतील. मुलाच्या नजरेला ते पडतं की नाही, याच्याशी फिल्टर असण्यानसण्याचा संबंध नगण्य निघाला. तो अभ्यास घरांचा आहे, ग्रंथालयांचा नाही, हे मान्य. पण ज्या मुलाच्या खिशात स्वतःचा फोन आणि डेटा आहे, त्याला ग्रंथालयाचा फिल्टर अडवून अडवून काय अडवणार? अडतं ते ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याचं. त्याला अश्लील चित्र मित्राच्या फोनवर दिसतंच. दिसत नाही ती आरोग्याची माहिती, कारण ती मित्राच्या फोनवर कुणी एकत्र बसून बघत नाही.

म्हणून काही करायचंच नाही का? करायचं भरपूर आहे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं डिक थॉर्नबर्ग यांच्या अध्यक्षतेखाली २००२ मध्ये या प्रश्नावर सविस्तर अहवाल दिला. थॉर्नबर्ग रिपब्लिकन, रेगन आणि थोरल्या बुश यांच्या काळातले ॲटर्नी जनरल, अश्लीलतेविरुद्ध खटले चालवण्याबाबत कडक. त्यांच्या समितीनंही सांगितलं की केवळ तंत्रज्ञानानं किंवा केवळ कायद्यानं हे सुटणार नाही, मुलांना शिकवण्यावर आणि त्यांच्याबरोबर असणाऱ्या मोठ्या माणसांवर भर द्यावा लागेल. २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा शाळांवर अशी जबाबदारी आलीसुद्धा: ऑनलाइन कसं वागावं, छळ झाला तर काय करावं, हे मुलांना शिकवायचं. ग्रंथालयांना त्यातून वगळलं. त्यांच्या वाट्याला फक्त अडवणं ठेवलं. ज्या माणसाला माहिती कशी शोधावी, खरं-खोटं कसं पारखावं हे शिकवण्याचंच प्रशिक्षण मिळालेलं असतं, त्याला पहारेकरी करून ठेवणं ही फार मोठी उधळपट्टी आहे.

माझ्या मते वय आणि जागा बघून वेगवेगळी व्यवस्था हवी. लहान मुलांच्या विभागात फिल्टर असू दे, निवडक यादी असू दे. किशोरांसाठी सैल पातळी, आणि आरोग्य, लैंगिक शिक्षण, अत्याचारावर मदत करणाऱ्या संस्था यांची ग्रंथपालांनी स्वतः तपासलेली यादी, जी कुठल्याही वर्गात अडकली तरी उघडलीच पाहिजे. प्रौढांच्या संगणकावर शेजारच्याला दिसणार नाही असा पडदा, आणि दालनातल्या वागणुकीचा स्पष्ट नियम. अडवलेल्या पानावर 'कर्मचाऱ्यांना विचारा' याऐवजी एक बटण, नाव न देता दाबता येईल असं, ज्याची विनंती कर्मचाऱ्याच्या पडद्यावर जाईल आणि तिथून पान मोकळं होईल. व्हर्जिनियात लाउडन काउंटीच्या ग्रंथालयानं १९९७ मध्ये उलटं केलं होतं: नाव, फोन नंबर आणि कारण लेखी द्या, मग बघू. पुढच्या वर्षी ते धोरण न्यायालयात टिकलं नाही. निकाल देणाऱ्या न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा वकिलीच्या आधी ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या होत्या. वाचकाकडून असं लिहून घेण्याचा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगावा लागला नसेल.

ई-रेटच्या कलमातली 'फक्त प्रौढांसाठी' ही मर्यादा काढायला अमेरिकेच्या संसदेची, म्हणजे काँग्रेसची, दुरुस्ती लागेल आणि तिला वेळ लागेल. आणि प्रौढांचे संगणक कायमचे मोकळे ठेवायलाही आजचा कायदा परवानगी देत नाही, विनंती आल्यावरच फिल्टर बंद करता येतो. ती विनंती एका क्लिकवर, कुणाच्या तोंडाकडे न बघता करता आली पाहिजे, एवढं मात्र आजही करता येतं. बाकीच्या बहुतेक गोष्टींनाही कायदा आड येत नाही. याच कायद्यानं ग्रंथालयाला इंटरनेट-सुरक्षेचं धोरण ठरवण्याआधी किमान एक जाहीर सुनावणी घेणं बंधनकारक केलं आहे, आणि तिथे पालक, शिक्षक, स्वतः मुलंही बोलू शकतात. तिथे जाऊन तीन गोष्टी मागाव्यात. फिल्टरचे कुठले वर्ग चालू आहेत त्यांची यादी, गेल्या वर्षात पान मोकळं करण्यासाठी किती विनंत्या आल्या आणि किती वेळात निकाली निघाल्या याचा हिशेब, आणि गावातल्या डॉक्टरनं किंवा शाळेतल्या समुपदेशकानं सांगितलेली वीस आरोग्य-संकेतस्थळं बालविभागाबाहेरच्या संगणकावर सगळ्यांसमोर तिथल्या तिथे उघडून दाखवणं.